चेहऱ्यासाठी पेस्टल घ्यायचे असतील तर आधी कागद घ्या

पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या रंगखडूंनी, व्यक्तिचित्र करायचं ठरलं की माणूस सगळ्यात आधी रंगांच्या पेट्या बघायला लागतो. ७२ छटांची घ्यावी की १२० ची, यावर खूप विचार होतो, आणि कागद मात्र उरलेल्या पैशांत, हाताला लागेल तो येतो. माझा सल्ला नेमका उलटा आहे. आधी कागद ठरवा, चांगला घ्या, आणि रंग सुटे घ्या, सुरुवातीला दहा-बाराच. खाली लिहिलं आहे ते माझ्या टेबलावर रोज वापरात असलेल्या वस्तूंबद्दल. ज्या वस्तू कपाटात गेल्या त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे, पण त्यांची नावं घेतलेली नाहीत.

मी कुठल्याही कलाशाळेत शिकलेले नाही. माझं काम चष्मे बसवून देण्याचं. समोरच्या माणसाचा चेहरा हातभर अंतरावरून बघायचा, दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, फ्रेम कुठे टेकते आणि कुठे उचलली जाते ते बघून कानामागची दांडी वाकवायची. हे करताना चेहऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की कळते: दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा नसतो. बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात साधारण ६० ते ६५ मिलिमीटर भरतं, पण नाकाच्या मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं मोजलं की एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३२ निघतात. एक कान वर असतो. एक भुवई पुढे असते. माणूस ओळखू येतो तो या फरकांमुळेच, आणि पेन्सिलीने रेखाटताना मला ते सापडायला लागले होते. सापडत नव्हता तो कातडीचा रंग. कपाळ, गाल आणि हनुवटी यांचा रंग एकच नसतो, कानाची पाळी उजेडासमोर आली की लालसर होते, डोळ्याखालची कातडी निळसर असते. हे ग्रॅफाइटच्या करड्या रंगात सांगता येत नाही.

पेस्टलकडे मी आले ते या रंगासाठी, आणि राहिले ते वेळेच्या हिशेबाने. तैलरंग वाळेपर्यंत आपल्याला थांबावं लागतं, जलरंग आपल्यासाठी थांबत नाहीत. पेस्टल जसा ठेवला तसा राहतो. अर्धा तास मिळाला तर अर्धा तास काम करून उठता येतं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं, आणि ओला-सुका असा रंगात फरक पडत नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचं माध्यम मला माहीत नाही.

आता कागद. पेस्टल म्हणजे कोरडी भुकटी. ती कागदात मुरत नाही, कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर अडकून बसते. पृष्ठभागात जेवढी जागा, तेवढेच थर. जागा भरली की पुढचा खडू नुसता घसरतो, आणि नेमकं तेव्हाच गालावरचा शेवटचा उजेड द्यायचा राहिलेला असतो. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर दोन-तीन थरांत हे होतं. मग शिकणारा समजतो की आपल्याला जमत नाही. जमतं, कागद पुरत नाही.

पहिला चांगला कागद म्हणून मी कॅन्सनचा मी-तँत सुचवते. १६० ग्रॅमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतकं), आणि ५० रंगांत मिळतो. एका बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ठसठशीत जाळी असते, दुसरी बाजू बारीक पोताची. व्यक्तिचित्रासाठी बारीक बाजू वापरायची. जाळीच्या बाजूने रंगवलं तर गालावर सगळीकडे ठिपके उठतात, आणि लहान मुलाच्या चेहऱ्यावर ते फारच खटकतात. रुंद खडूने मोठी पार्श्वभूमी भरायची असेल तर जाळी छान दिसते, चेहऱ्याला नाही. या कागदाचा खरा गुण म्हणजे त्याचे रंग. पांढऱ्या कागदावर व्यक्तिचित्र सुरू केलं की पहिली रेघच फार गडद वाटते आणि सगळा चेहरा फिका होत जातो. मध्यम छटेचा कागद घेतला, म्हणजे करडा, मातकट, हिरवट करडा, तर उजेड आणि सावली दोन्ही बाजूंनी काम करता येतं आणि मधली छटा कागदच सांभाळतो. हिरवट करडा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यावर ठेवलेला लालसर रंग लगेच जिवंत दिसतो. थरांची मर्यादा मात्र आहेच. चार-पाच थरांनंतर हा कागद थकतो.

म्हणून पुढची पायरी क्लेअरफोंतेनचा पेस्टलमॅट. ३६० ग्रॅमचा जाड कागद, वर सेल्युलोजच्या तंतूंचा बारीक लेप. हाताला तो जवळजवळ मखमली लागतो, खरखरीत मुळीच नाही, आणि पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा मला शंका आली की यावर रंग धरेल कसा. धरतो, आणि असा धरतो की बोटाने पसरवायला गेलं तर फार हलत नाही. पहिल्या थराला बोटाने घासून गुळगुळीत करायची सवय असलेल्यांना हे अवघड जाईल. मला ते हवंच होतं. बोटाने घासत राहिलं की कातडी मेणाची दिसते, कारण सगळे रंग एकमेकांत मिसळून एकच तपकिरी उरतो. या कागदावर एक रंग दुसऱ्याच्या शेजारी राहतो. वहीत घेतलात तर प्रत्येक पानावर पातळ ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद असतो, तो टाकू नका, काम झाकायला तोच लागतो.

यूआर्टचा कागद पॉलिश पेपरच्या जातीचा. त्यावर २४० पासून ८०० पर्यंत आकडे असतात, आकडा जितका लहान तितका दाणा भरड. चेहऱ्यासाठी ४०० किंवा ५०० ठीक. ८०० वर बारीक डोळे, पापण्या, ओठांची कड छान येते, पण थर कमी बसतात. वृद्ध माणसाचा, उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा असेल तर मी मुद्दाम भरड दाणा घेते, सुरकुत्या अर्ध्या कागदच काढून देतो. खडू मात्र भराभर झिजतात, आणि बोटाने घासायला गेलात तर बोटाची कातडी जाते. सेनेलिएचं पेस्टल कार्ड, ज्याला ला कार्त म्हणतात, तेही सुंदर आहे, पण त्यावर पाण्याचा थेंब पडला तर लेप सुटून येतो. चित्राजवळ बसून शिंकणारी, चहाचा कप ठेवणारी माणसं घरात असतील तर हा कागद विचार करून घ्या.

आता खडू. सगळे पेस्टल एकाच कल्पनेचे: रंगद्रव्य, थोडी पांढरी भुकटी, आणि त्यांना जेमतेम धरून ठेवील इतका चिकट पदार्थ. तो पदार्थ जास्त असला की खडू कडक, कमी असला की मऊ. कडक खडू कागदाची जागा कमी भरतो, मऊ खडू पटकन भरून टाकतो. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी कडक, मग मध्यम, शेवटी मऊ. उलट केलंत तर कडक खडू मऊ थरावर नुसता ओरखडतो.

मधल्या कडकपणात मी रॉयल टॅलेन्सचे रेम्ब्रांट वापरते आणि नवीन माणसाला तेच सांगते. त्यांच्यावरचे आकडे समजून घेतले की खरेदी सोपी होते. टिंबाच्या आधीचा आकडा रंगाचा, नंतरचा छटेचा. टिंबानंतर ५ असेल तर रंग शुद्ध, ३ असेल तर त्यात काळा मिसळलेला, ७ पासून पुढे पांढरा वाढत जातो. म्हणजे ४११ हा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घेतला तर ४११.३, ४११.५ आणि त्याचा एखादा फिका, अशी एकाच रंगाची सावली, मधली छटा आणि उजेड हातात येतात. २२७ हा यलो ओकर (मातकट पिवळा), त्याचीही अशीच जोडी करा. या दोन कुटुंबांत एक गडद जांभळा, एक मंद हिरवा, एक निळसर करडा आणि एक कोमट पांढरा मिळवला तर कितीतरी चेहरे होतात. मी माझी सगळी सुरुवातीची चित्रं जवळपास इतक्यांतच केली.

युनिसनचे खडू इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडला हाताने वळून करतात. कांड्या जाड, थोड्या वेड्यावाकड्या, आणि त्यांचे करडे रंग असे आहेत की कुठला रंग कुठल्यात मिसळला ते सांगता येत नाही. चेहऱ्याच्या सावलीतल्या भागासाठी मी त्यांचे करडे ठेवते. सेनेलिएचे खडू मात्र अगदी लोण्यासारखे. ५२५ छटा आहेत. सगळ्या कुणाला लागत नाहीत. मला त्यातले थोडेच लागतात आणि तेही शेवटच्या पाच मिनिटांत: नाकाच्या टोकावरचा उजेड, खालच्या ओठावरचा ओलसरपणा, डोळ्यातला ठिपका. एकदाच टेकवायचा आणि हात उचलायचा. दुसऱ्यांदा त्यावरून गेलात तर ठिपक्याचा डाग होतो.

आता तक्रार. 'पोर्ट्रेट' असं लिहिलेल्या तयार पेट्या जवळजवळ सगळ्या कंपन्या काढतात. माझ्याकडे आलेली एक पेटी मी उघडली आणि सगळ्या कांड्या एका ओळीत मांडल्या. अर्ध्याहून जास्त गुलाबी आणि पीच रंगाच्या होत्या, फिक्या, आणि त्यात गडद म्हणावी अशी एकच तपकिरी. सावळ्या किंवा काळ्या कांतीचा माणूस समोर बसला तर या पेटीत त्याच्यासाठी काहीच नव्हतं. त्या एका तपकिरीने चेहरा रंगवला तर तो मातीचा दिसतो. गडद कांती तपकिरी नसते. सावलीच्या बाजूला ती जांभळी असते, गडद हिरवी असते, कधी निळी. उजेडाच्या बाजूला तिच्यावर आकाशाचा थंड रंग फार स्पष्ट दिसतो, कपाळावर आणि गालाच्या हाडावर फिका निळा ठेवावा लागतो आणि तो ठेवल्याशिवाय चेहरा फिरत नाही, सपाट राहतो. मधल्या भागात बर्न्ट सिएना, इंडियन रेड, थोडा नारिंगी. असे चेहरे माझ्या समोर रोज येतात आणि ते रंगवायला मला सगळ्यात जास्त आनंद होतो, म्हणून ही पेटी मी मनापासून नापसंत करते. 'कातडीचा रंग' असा कुठलाही एक खडू नसतो. तयार पेटी घ्यायचीच असेल तर निसर्गचित्रांची घ्या. तिच्यात हिरवे, जांभळे, मातीचे आणि गडद रंग असतात, आणि चेहऱ्याला ते जास्त कामाला येतात.

गडद रंगांवर खर्च करा हे मी वेगळं सांगते, कारण स्वस्त खडूंत पहिली कमतरता इथेच असते. पांढरी भुकटी जास्त घातलेला खडू कितीही दाबला तरी खरा गडद होत नाही, खडूसारखा पांढुरका राहतो. नाकपुडीखालची सावली, केसांच्या मुळांशी, ओठ मिटतात त्या रेघेत, तिथे खोल रंग मिळाला नाही तर वरचा सगळा उजेड वाया जातो. टेरी लुडविगचे चौकोनी खडू त्यांच्या गडद रंगांसाठी नावाजलेले आहेत, आणि त्यांची चौकोनी कड बारीक रेघेला उपयोगी पडते. एक-दोन गडद घेतलेत तरी पुष्कळ.

पेस्टल पेन्सिलींबद्दल थोडक्यात. फाबर-कास्टेलच्या पिट पेस्टल ६० छटांत मिळतात, कारान दाशच्या ८४ छटांत. पिट थोड्या कडक, कारान दाश मऊ आणि जाड. रेखाटन पिटने, डोळ्यांचं काम कारान दाशने, अशी माझी वाटणी आहे. टोक ब्लेडने काढा आणि सँडपेपरवर घासा, शार्पनरमध्ये घातली की शिसं तुकड्यांनी बाहेर येतं. नुसत्या पेन्सिलींनी पूर्ण चित्र करणारी माणसं आहेत, प्राण्यांच्या केसांना ते फार शोभतं. माणसाच्या चेहऱ्याला मला कांडीची आडवी कड हवी असते, नाहीतर कपाळ रेघारेघांचं होतं.

हे सगळं मला शिकवलं कुणी, असं विचारतात. क्लास मी लावला नाही. मी जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा बघत बसते. संग्रहालयांनी त्या इतक्या बारकाईने उपलब्ध करून दिल्या आहेत की खडूची एकेक रेघ मोजता येते. मोरिस कांतँ द ला तूर हा १८व्या शतकातला फ्रेंच चित्रकार, त्याचं मादाम द पाँपादूरचं (राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीचं) १७५५ चं पेस्टल पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, पावणेदोन मीटर उंच. ते पाहून थक्क व्हायला होतं, पण शिकायला मिळतं ते त्याच्या सँ-काँतँ या जन्मगावच्या संग्रहालयात ठेवलेल्या कच्च्या चेहऱ्यांवरून. नुसता चेहरा, खाली मान सुद्धा नाही, आणि रेघा न मिसळता तशाच सोडलेल्या. कुठे लाल, कुठे हिरवट, कुठे निळा, सगळं उघडं. त्यांच्या नकला करताना मला कळलं की कपाळाकडे पिवळसर, गाल-नाकाच्या पट्ट्यात लालसर आणि हनुवटीकडे थंड, असा साधारण कल असतो. समोरच्या माणसात तो दिसतो का ते तपासायचं, आंधळेपणाने लावायचा नाही.

आणि शार्दँ, त्याच शतकातला दुसरा फ्रेंच चित्रकार. माझ्या व्यवसायामुळे त्याच्यावर माझा विशेष जीव आहे. आयुष्यभर तैलरंगात भांडी, फळं, घरातली माणसं रंगवली, आणि म्हातारपणी डोळे त्रास द्यायला लागले तेव्हा पेस्टल हाती घेतले. १७७१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या शार्दँने स्वतःला चष्म्यासह रंगवलं. ते चित्र मी पुन्हा पुन्हा बघते. चष्मा नाकावर खाली घसरलेला, नजर त्याच्या वरून येणारी. गालावर त्याने रंग घासलेले नाहीत, तिरप्या रेघा शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, आणि लांबून ती म्हाताऱ्या माणसाची सैल कातडी होते. पेस्टलमॅटवर रंग न मिसळता ठेवायची हिंमत मला या चित्राने दिली.

चष्म्यावरून एक गोष्ट सांगून ठेवते, कारण चष्मा घातलेल्या माणसाची व्यक्तिचित्रं हमखास इथे फसतात. लांबचं धूसर दिसणाऱ्याचा, म्हणजे उणे नंबरचा चष्मा असेल तर भिंगाआड गालाची कड आत सरकलेली दिसते. बाहेरची रेघ भिंगाच्या काठाशी तुटते आणि आतल्या बाजूला पुन्हा सुरू होते. डोळाही जरा लहान दिसतो. अधिक नंबर असेल तर उलट, डोळा मोठा. नंबर जितका जास्त तितकी ही पायरी मोठी. चेहऱ्याची कड भिंगातून सरळ काढली की साम्य जातं, आणि बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही. फ्रेम आधी कडक पेन्सिलीने पूर्ण आखू नका. चेहरा पूर्ण करा, मग फ्रेमची फक्त जी कड दिसते तेवढी काढा, जिथे ती उजेडात विरते तिथे सोडून द्या. भिंगावरच्या लेपामुळे चमक पांढरी नसते, हिरवट किंवा जांभळट असते. ती सेनेलिएच्या मऊ कांडीने एका स्पर्शात येते.

फिक्सेटिव्हबद्दल, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याबद्दल, माझं मत प्रतिकूल आहे. पेस्टलची चमक भुकटीच्या कणांमधल्या हवेमुळे असते. फवारा मारला की ती जागा भरते, उजळ छटा दबतात, चेहऱ्यावरचा सगळा उजेड एक पायरी खाली येतो. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारायचा, आणि तो उपयोग खरा आहे: भरून गेलेल्या कागदावर हलका फवारा मारला की वर आणखी रंग धरतो. शेवटच्या थरावर मी काही मारत नाही.

धूळ फुंकू नका. ही गोष्ट कुठल्याही पेटीवर ठळक छापलेली मी पाहिली नाही, आणि नवीन माणूस पहिल्याच दिवशी फुंकर मारतो. काही खडूंत कॅडमियमसारखी विषारी रंगद्रव्यं असतात. इझल (चित्र टेकवायची घोडी) किंचित पुढे झुकवा म्हणजे भुकटी खाली पडते, खाली ओली फडकी ठेवा, काम झालं की टेबल ओल्या फडक्यानेच पुसा, झाडू नका. लांब बसायचं असेल तर मी मास्क लावते, आणि नायट्राइलचे पातळ हातमोजे नेहमीच. मोज्यांनी हात आंधळा होईल असं वाटलं होतं, तसं होत नाही.

चित्र फ्रेम करताना काच चित्राला टेकू द्यायची नाही. जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा आत पट्टी घालून मध्ये जागा ठेवायची, आणि पट्टी अशी की पडलेली भुकटी माउंटवर न दिसता मागे जावी. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा हलका असतो म्हणून फ्रेमवाले तो सुचवतात, पण घासला की त्यात वीज भरते आणि तो चित्रावरची भुकटी ओढून घेतो. काचच घाला. आणि चित्र फ्रेमवाल्याकडे देताना ग्लासीनमध्ये, कडक पुठ्ठ्यावर चारी कोपरे चिकटवून द्या, आणि मागे खिळे ठोकताना आपटू नका असं त्याला तोंडी सांगा.